पायदळी

विजेची डीपी जळाली तेव्हा गावात कुणालाच त्याचे विशेष वाटले नाही. शिरड शहापूरच्या अलीकडच्या त्या शिवारात डीपी दर रब्बीत एकदा जळतेच. गव्हाला आणि हळदीला पाणी देणाऱ्या मोटारी तिच्या कुवतीबाहेर ओढ घेतात आणि एखाद्या संध्याकाळी ती थोडा धूर सोडून गप्प होते. यंदा फरक एवढाच की त्याच आठवड्यात आभाळही भरून आले. पाऊस न देणारे, नुसते करडे, पौषाला न शोभणारे आभाळ. हरीशच्या गोठ्याच्या पत्र्यांवरच्या सोलर प्लेटा त्याखाली उगाच पडून राहिल्या आणि दूध गार करणारा चिलर भर दुपारी बंद पडला.

हरीशचा गोठा मळ्यात, गावापासून थोडा बाजूला होता. लाल कंधारी गाई, त्यांना घरच्या रानातला कडबा आणि हिरवा चारा; त्या रानात रासायनिक खताचे पोते आलेले नव्हते आणि गाईला दूध वाढवण्याची सुई लागलेली नव्हती. शेजारच्या चार घरांनीही त्याच्याच पद्धतीने गाई ठेवल्या होत्या आणि त्यांचे दूध याच चिलरमध्ये येई. नांदेडकडची एक गाडी एक दिवसाआड दुपारी ते घेऊन जात असे. अट एकच: दूध गार हवे. इतर ठिकाणी चिमूटभर सोडा टाकून वेळ मारून नेतात; सेंद्रिय म्हणून विकणाऱ्याला ती वाट बंद असते. म्हणून दिवसा ऊन आणि संध्याकाळनंतर गोबरगॅसवरचा जनरेटर अशी हरीशची मांडणी होती. लाइन केवळ अडीअडचणीला. ही मांडणी बोलायला निर्दोष होती आणि चालवायलाही दोन वर्षे तशीच राहिली, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

त्या ढगाळ आठवड्यात ती पहिल्यांदा उघडी पडली. गाडीतून गेलेले दूध वर केंद्रावर नापास झाले आणि पुढच्या फेरीला कॅनमधून तसेच परत आले. तोवर ते फाटून, आंबून, झाकण उघडताच नाक फिरवावे असे झाले होते. गाडीवाल्याने कॅन फाटकाशी उतरवले, हरीशला फोनवर कळवले आणि निघून गेला. हरीश डीपीच्या पाठपुराव्यासाठी तालुक्याला गेलेला होता. पुनम, त्याची बायको, शेजाऱ्यांचे दूध मोजून घेण्यात गुंतलेली. तिने गोठ्यातूनच सासूला सांगितले, "आत्या, तेवढे कॅन रिकामे करून धुवून ठेवा. पिण्यासारखं न्हाई ते."

पार्वतीबाईने कॅनकडे पाहिले. चुलीपुढे दुधाचा थेंब सांडला तर तो बोटाने टिपून डोळ्यांना लावणारी ही बाई. तिच्या सासूने तिला लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवले होते की दूध पायदळी येऊ द्यायचे नाही. गाईला ते कळते आणि ती पान्हा चोरते. गाईला ते कळत नाही, हे हरीशने तिला अनेकदा सांगितले होते. तिने त्याचे म्हणणे ऐकून घेतले होते आणि थेंब टिपणे चालू ठेवले होते.

आधी तिने वाचवता येईल ते वाचवून पाहिले. थोडे विरजून चार घरांना दिले. दुसऱ्या दिवशी चारही घरांनी भांडी न घासता परत पाठवली. वासरांपुढे ठेवले तर एका वासराला हगवण लागली. लोणी काढले, त्यालाही तोच वास. तरी बहुतेक कॅन भरलेलेच उरले. उकिरड्यावर ओतावे तर तिथून जाणे-येणे. नालीत ओतावे तर नाली रस्त्याला मिळते. मग तिची नजर गोबरगॅसकडे गेली.

जमिनीत बांधलेली विहीर आणि तिच्यावर उपडी घातलेली लोखंडी टाकी. गॅस साचला की टाकी वर उचलते, वापरला की खाली बसते. एका अंगाला शेण कालवायचा छोटा हौद, दुसऱ्या अंगाला मळीची, म्हणजे गॅस निघून गेलेल्या पातळ शेणाची, हळदीच्या रानात जाणारी वाट. तिथे कुणाचा पाय पडत नाही. शेण म्हणजे लक्ष्मी. गाईचेच दूध, गाईच्याच शेणात. पार्वतीबाईने हौदाचे तोंड उघडले, एकेक कॅन कलता केला आणि शेवटी हात जोडले. चूक असेल असे तिला वाटले नाही. उलट एवढ्या दुधाची विल्हेवाट कुणाच्या पायाखाली न येता लागली याचे समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी कधी नव्हे एवढी वर आलेली होती.

हरीशने ती पाहून गाईच्या पाठीवर थाप मारली. पार्वतीबाईनेही पाहिली आणि हा दुधाचाच गुण, असे मनातल्या मनात धरले. संध्याकाळी मात्र जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. घरातली गोबरगॅसची शेगडी निळी जळायची ती पिवळी, फडफडती झाली. चहाला उकळी येईपर्यंत सासूसुनेच्या चार गोष्टी बोलून संपल्या. टाकी वर, पण जाळ नाही. याला कारण होते. विहिरीत जे जिवाणू शेणाचा गॅस करतात ते सावकाश खाणारे असतात. दुधातली साखर मात्र दुसरे, घाईचे जिवाणू आधी फस्त करतात आणि आंबट करून सोडतात. त्यातून उठणारा वायू टाकी उचलतो, पण जळत नाही. पार्वतीबाईला एवढेच दिसले की टाकी भरलेली आहे आणि तरी अशक्त आहे; नुकत्याच व्यालेल्या गाईसारखी. अशा गाईला ती काय देते? गूळ देते. दोन ढेपा तिने पाण्यात विरघळवून हौदात सोडल्या.

चिलर रात्री चालेना, म्हणून संध्याकाळचे दूध बिघडू लागले. पुढच्या फेरीला पुन्हा कॅन परत आले. पार्वतीबाईने ते पुन्हा टाकीत ओतले.

आभाळ उघडले, थंडी वाढली. आधी हरीशने दोष थंडीवर ठेवला. थंडीत गॅस कमी पडतो हे खरेच आहे. पण मागच्या पौषात टाकी अशी वागली नव्हती. मग त्याने पाइप तपासला, पाणी साचते ती नळी मोकळी केली, जनरेटरचा प्लग बदलला. उरले शेण. आणि शेण म्हणजे बेबीबाई.

बेबीबाई तांड्यावरची. टाकी बांधली तेव्हापासून गोठ्यातले शेण भरणे, हौदात कालवणे, वेळूच्या काठीने ढवळून आत सोडणे हे तिचे काम. पार्वतीबाईच्या वयाची, वाळलेली, काटक, तोंडाने फटकळ. काम संपले की दोघी गव्हाणीच्या कडेला बसून चहा पीत. पार्वतीबाई तिच्या कपात दूध बेताने घालते, ही बेबीबाईची रोजची तक्रार होती आणि रोजची गंमतही.

त्या सकाळी हरीश तांड्यावरून येतानाच बेबीबाईच्या घराची भिंत पाहून आला होता. भिंतीवर गौऱ्या थापलेल्या होत्या, ओळीने. गौऱ्या खऱ्या होत्या, गॅस कमी होता हेही खरे. या दोन खऱ्या गोष्टी त्याने एकमेकींना बांधल्या आणि त्यांच्यामधली मोकळी जागा तपासली नाही.

"बेबीमावशी, शेन सगळं हौदातच पडतंय ना?" त्याने विचारले.

बेबीबाईची काठी थांबली नाही. "मंग कुठं पडल?"

"न्हाई, टाकी वर येऊन राहिली, पन जाळ न्हाई. पानी जास्त, शेन कमी असं वाटतंय."

"वाटतंय व्हय." तिने आणखी दोन वेढे ढवळले. "सरळ बोला ना दादा. माही भिंत बघून आलात तुमी."

हरीश ओशाळला, पण मागे हटला नाही. त्याने आईकडे पाहिले. "आई, तू तर दिसभर हितंच असतीस. तुला काई दिसलं का?"

पार्वतीबाई वासराला दावे बांधत होती. बेबीबाईला शेण उचलून नेताना तिने कधी पाहिले नव्हते. एवढे बोलले तरी पुरले असते. पण टाकी का रुसली हे तिलाही हवे होते, आणि समोर एक उत्तर आयते उभे होते. तिने गाठ घट्ट केली.

"गौऱ्या तर हायेत तिच्या भिंतीवर," ती म्हणाली. "म्या काय सांगू."

आता काठी थांबली. बेबीबाई सरळ झाली, कंबरेला हात लावून. "माही म्हैस काय नुसती हवा खाती का, पार्वताबाई?" तिने हौदाच्या कडेला हात धुतले, घमेले धुतले, ते उपडे घातले आणि काठी त्यावर आडवी ठेवली. "तांड्याचं नाव घ्यायला कुनाला टाइम लागत न्हाई. कालवा आता तुमच्या हातानं." चहाचे तिने विचारले नाही, त्यांनीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवसापासून शेण पार्वतीबाईकडे आले. हरीश म्हणाला की तो करील; पण दोन वेळच्या धारा, चारा, शेजाऱ्यांचे दूध, हे सोडून तो काय काय करणार होता? सकाळी गोठ्यातले शेण गरम असते, तेवढे बरे वाटते. हौदातले पाणी मात्र हाडात शिरते. तिच्या बोटांच्या भेगांत शेण गेले की झोंबे. उकिडवे बसले की डावा गुडघा वाजे, आणि उठताना हौदाची कड धरावी लागे. घमेले भरले की तिला कळे की हे घमेले बेबीबाई एका हाताने कमरेवर घेत होती.

आणखी एक गोष्ट तिला कळली, ती तिला नको होती. गोठ्यातले सगळे शेण हौदात पडले तेव्हा हौद जेवढा भरला, तेवढाच तो बेबीबाईच्या हातूनही भरत असे. सिमेंटवर शेणाची जुनी रेघ बरोबर तिथेच होती. वर एक बोट नाही, खाली एक बोट नाही. आणि शेगडी तर कालच्यापेक्षा आज कमी जळत होती.

हरीश मात्र समाधानी होता. चोर गेला की गॅस येणारच, थोडा वेळ लागेल, असे त्याने ठरवले होते. शेजारच्या गोठ्यातले शेण आणून दुप्पट भरणा करायचा, म्हणजे टाकी लवकर उचलेल, असाही त्याचा बेत होता.

तिसऱ्यांदा कॅन परत आले तेव्हा गाडीवाला लगेच निघाला नाही. तो चांगला माणूस होता. वाईट बातमी देताना चप्पल मातीत घासत राहिला. केंद्रावर बोलणे झाले होते. आणखी एकदा दूध नापास झाले तर गाडी या फाट्यावरून आत वळणार नव्हती. उत्तमराव, पार्वतीबाईचा नवरा, हळदीला पाणी देऊन खांद्यावर फावडे घेऊन आला होता. त्याने ते ऐकले आणि गाईंच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली. "हळद निघायच्या आधी बाजार दावावा लागंल यास्नी," एवढेच तो म्हणाला. लाल कंधारी गाईचे दूध थोडे. गाडीशिवाय त्या पोसणे त्या घराला झेपणारे नव्हते, आणि हे गोठ्यातल्या प्रत्येकाला माहीत होते.

पुनमने पुन्हा तेच सांगितले, कॅन रिकामे करा म्हणून. पार्वतीबाईने पहिला कॅन ओढत हौदाशी नेला आणि आत जाणाऱ्या तोंडावरची फरशी बाजूला सारली.

वास वर आला. शेणाचा नव्हता. शेणाचा वास तिला लहानपणापासून ठाऊक होता, तो असा नाकात टोचत नाही. हा वास उन्हाळ्यात विसरलेल्या ताकाच्या डेऱ्याचा होता, तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला. ती वाकली, पुन्हा घेतला. मग कॅनचे झाकण उघडले आणि कॅनचा घेतला. दोन्ही एकच.

ती कॅन तसाच ठेवून हौदाच्या कडेवर बसली. गप्प राहता आले असते. कॅन दुसरीकडे कुठे लपवून ओतायचा, पुन्हा टाकीत काही घालायचे नाही, आणि बेबीबाईच्या भिंतीवरच्या गौऱ्या तिथेच राहू द्यायच्या. पण हरीश संध्याकाळी दुप्पट शेण घालणार होता. फुगलेल्या पोटावर वैरण.

"पुनम," तिने हाक मारली, "तुही ती रंग बदलनारी पट्टी घेऊन ये."

पुनम हिंगोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली होती. दुधाचा आंबटपणा पाहायला ती कागदाच्या पट्ट्या ठेवत असे. तिने एक पट्टी मळीच्या वाटेवरच्या पाण्यात बुडवली, उजेडात धरली, मग दुसरी बुडवली, कारण पहिलीवर तिचा विश्वास बसला नाही. तोवर हरीश आला.

"हे आंबलंय," पुनम म्हणाली. "नुसत्या शेनानं एवढं न्हाई आंबत. काई तरी गेलंय आत."

"दूध गेलंय," पार्वतीबाई म्हणाली. "म्या ओतलं."

"कवा?"

"परत आलेलं सगळं. पहिल्यापसून. गूळ बी."

हरीश हौदाच्या उघड्या तोंडाशी वाकला. मग अगदी हळू म्हणाला, "काहून, आई?"

"मंग कुठं ओतू? रस्त्यात? लोकाच्या पायाखाली?" तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "नागनाथाला वाहतो ते दूध. ते नालीत सोडू का म्या?"

हरीश चिडला असता तर तिला सोपे गेले असते. त्याने पुनमकडे पाहिले. पुनमने पट्टी विझलेल्या काडीसारखी दोन बोटांत धरली होती. "आत्या, ज्वारीच्या राशीत गाय घुसली तर काय व्हतं?" तिने विचारले.

"पोट फुगतं. येळेवर न्हाई बघितलं तर जाती."

"टाकीचं तसंच झालंय. लई गोड खाल्लंय तिनं."

उपाय दोघांनी तिथेच उभ्या उभ्या ठरवला. काही दिवस टाकीला काहीच घालायचे नाही. चुन्याची निवळी थोडी थोडी सोडायची. मग औंढ्याच्या अंगाला एकाची चालू टाकी होती, तिथली मळी आणून विरजणासारखी घालायची. लवकर बरे होणारे दुखणे नव्हते, आणि होईलच असेही पुनम म्हणाली नाही. तोवर संध्याकाळचे दूध ज्याने त्याने आपल्या घरी ठेवायचे. गाडीला फक्त सकाळचे, उन्हावर गार होईल तेवढेच द्यायचे. दूध कमी जाणार होते, पण नापास होणार नव्हते.

"बेबीमावशीला म्या सांगून येतो," हरीश म्हणाला. त्याची मान खाली होती.

"तू नंतर जा," पार्वतीबाई म्हणाली. "आधी म्या."

तांडा मळ्यापासून लांब नव्हता, पण तिच्या गुडघ्याला होता. बेबीबाई घरामागे भिंतीपाशी उभी होती, शेणाचा गोळा हातावर फिरवीत. तिने पाहिले, ओळखले आणि गोळा भिंतीवर थापला. पाच बोटे उमटली.

"मोजायला आलात का गौऱ्या?"

"न्हाई."

"मंग?"

पार्वतीबाई वाटेत जुळवलेले सगळे विसरली. शेजारच्या दारातून एक बाई तांदूळ निवडता निवडता ऐकत होती; तिच्यापुढेच बोलावे लागले. "टाकी माह्यामुळं बिघडली, बेबीबाई. परत आलेलं दूध म्या ओतलं तिच्यात. तुमचं शेन बराबर व्हतं. मला रेघ दिसली हौदात."

"दूध?" बेबीबाई वळली. "टाकीला पाजलं?"

"व्हय."

"कॅनच्या कॅन?"

"व्हय."

बेबीबाईने शेजारणीकडे पाहिले, मग पुन्हा हिच्याकडे. "अन माह्या चहात घालताना हात आखडत व्हता तुमचा."

शेजारीण हसली. पार्वतीबाईला हसता आले नाही; तिने पदर तोंडाशी धरला. बेबीबाईने दुसरा गोळा उचलला, तो बराच वेळ हातातच फिरवला.

"त्या दिशी तुमी नुसतं न्हाई म्हनला असता," ती म्हणाली, "तर हरीशदादा बोलून बी गेला असता. पोराचं काय. मला तुमचं लागलं."

"ठावं हाय."

"आता बसा तर. गुडघा वाजून राहिला तुमचा, इथवर ऐकू येतंय." तिने पायाने एक दगड पुढे सरकवला. "आज परत आलेलं दूध? ते कुठं हाय?"

"तसंच हाय. हौदापाशी."

बेबीबाईला तिच्या चेहऱ्यावरून उरलेले समजले. रोज एकत्र चहा प्यालेल्या बाया होत्या. "म्या ओतून टाकते," ती म्हणाली. "तुमी घरात ऱ्हा. बघू नका."

"न्हाई," पार्वतीबाई म्हणाली. "ओतते म्याच. तुमी फकस्त दुसरा कान धरा कॅनचा. मला उचलत न्हाई."

हरीशने हळदीच्या बांधाला खड्डा करून ठेवला होता. बाजूचे रान तुडवलेले, कडक. उन्हे कलली होती आणि हळदीची पाने पिवळी पडू लागली होती. पार्वतीबाईने सवयीने बांधाच्या अलीकडेच चपला काढल्या, देवळात जाताना काढतात तशा, आणि आपण दूध सांडायला आलो आहोत हे काढल्यावर तिच्या लक्षात आले. तिने त्या पुन्हा घातल्या नाहीत. दोघींनी कॅन दोन्हीकडून धरून काठावर आणला. गोठ्याच्या दारात हरीश आणि पुनम उभी होती; जवळ आली नाहीत.

पहिली धार खड्ड्यात गेली, दुसरी गेली, मग खड्डा पिईना. जमीन घट्ट होती आणि दूध फाटून जाड झालेले होते. ते वर आले, काठावरून पांढरे, गाठाळ, हळू पसरत निघाले आणि पार्वतीबाईच्या पायाच्या बोटांना लागले. गार होते.

"पाय मागं घ्या, पार्वताबाई," बेबीबाई म्हणाली.

पार्वतीबाईने पाय मागे घेतला नाही. दूध टाचेपर्यंत आले, भेगांत शिरले. तिने वाकून एक बोट ओले केले, डोळ्यांकडे नेऊ लागली, आणि ते वाटेतच थांबले. बोट तिने पदराला पुसले.

"धरा," ती म्हणाली. "दुसरा घेऊ."